आधी फळ्यावर, मग मशीनवर

आमच्या ऑफिसात फायली डिलीट होतात, किस्से होत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी सर्व्हर भरतो आणि आम्ही जुनी मॉडेल्स पुसून टाकतो. कुणाची क्रेन, कुणाचा बॉयलर, कुणाचा खुबा, सगळं जातं. पण त्या क्रेनवरून कोण कुणाला काय बोललं होतं, ते आठही जणांना तोंडपाठ! नवीन माणूस जॉइन झाला की पहिल्या आठवड्यात त्याला काम कुणी शिकवत नाही, किस्से ऐकवतात. मला वाटतं तेच बरं. काम काय, चुकत चुकत येतंच.

आमचं काम काय, ते आधी सांगायला हवं. कुठलीही वस्तू मोडायच्या आधी ती कुठे मोडेल आणि किती वजनाला मोडेल, हे कॉम्प्युटरवर काढून द्यायचं. वस्तूचं मॉडेल करायचं, त्याचे लाखभर बारीक तुकडे पाडायचे, एका बाजूने घट्ट धरायचं, दुसऱ्या बाजूने जोर लावायचा, आणि कुठल्या तुकड्याला किती सोसावं लागतंय याचं गणित मशीनला करायला लावायचं. पूर्वी फक्त लोखंड यायचं. गेली काही वर्षं हाडंही येतात. सानपाड्याला आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "साळवेताई, तुम्ही नक्की करता काय हो?"

मी सांगते, "मोडते."

पुढे कुणी काही विचारत नाही.

सतरा वर्षं हेच केलं की नजर बिघडते. लग्नाला गेले की मी नवरानवरी सोडून स्टेजचे पाय बघते. बारशाला गेले की पाळण्याचा हूक. नवऱ्याने एकदा हौसेने भिंतीवर पुस्तकांचं शेल्फ लावलं. मी फक्त एकदा वर बघितलं. त्याने एक शब्द न बोलता ते उतरवलं!

किस्से सांगायचं काम खरं तर भोईरकाकांचं. ते आता ऑफिसात येत नाहीत, म्हणून माझ्याकडे आलंय. मला त्यांच्यासारखं जमत नाही. ते रडायच्या गोष्टीवर हसवायचे, माझं उलट होतं.

*

जनार्दन भोईर, राहणार करावे गाव. बेलापूरला आमचं ऑफिस सुरू झालं तेव्हा आयटीआयवाले ड्राफ्ट्समन म्हणून लागले, आणि पुढे मेश त्यांच्याकडेच आलं. मेश म्हणजे ते तुकडे पाडणं. तुकडे मोठे ठेवले तर उत्तर चुकतं, फार बारीक पाडले तर मशीन दोन दिवस हलत नाही. कुठे मोठे आणि कुठे बारीक, ते आम्ही पुस्तकातून शिकलो. काकांच्या बोटांत होतं. ते मेशला सरळ जाळं म्हणायचे, कारण घरात तीन पिढ्या मासेमारी.

वडिलांची होडी त्यांनी ठेवली होती. दर रविवारी भरतीची वेळ बघून ती एकट्याने चिखलातून ढकलत पाण्यात न्यायची आणि सोमवारी डब्यात कोळंबी आणायची, हा नेम. मी एकदा विचारलं, "काका, पगार मिळतो, मासळी बाजारात मिळते, मग या वयात ही मस्ती कशाला?"

"मॅडम, नोकरी घरासाठी हाय. होडी माझ्यासाठी हाय."

आमचे साहेब देशमाने सर. साताऱ्याकडचे, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. त्यांचा एकच नियम होता: आधी फळ्यावर, मग मशीनवर. मशीनला रन द्यायच्या आधी उत्तर किती येईल याचा अंदाज आपापल्या डोक्याने करून फळ्यावर लिहायचा. फळ्यावर एकही आकडा नसेल तर रन द्यायचा नाही. सर म्हणायचे, "मशीन गप्प बसत नाही. प्रश्न चुकला तरी उत्तर देतं. म्हणून आधी स्वतःला विचारा."

आणि ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकेल त्याने आठही जणांना चहा करून द्यायचा आणि फळा पुसायचा. मी किती चहा केला असेल त्याचा हिशोबच नाही. सरांनी केला. एम.टेक.वाल्यांनी केला. काकांनी कधीच नाही! बावीस वर्षांत एकदाही नाही! त्यांच्या हातचा चहा कसा लागतो हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकदा बाहेरगावचे एक डॉक्टरेट झालेले साहेब आमच्याकडे महिनाभर होते. एका ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात ताण किती येतो ते काढत होते. मेश जितकं बारीक करत तितका आकडा वाढे. आणखी बारीक केलं, आणखी वाढला. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी काका त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"सायेब, कोना धारदार काढलाय तुमी. त्याला गोलाई द्या जरा. नायतर जितकं बारीक बघाल तितकं जास्त दुखनार."

साहेबांनी गोलाई दिली. आकडा थांबला. फळ्यावर काकांनी लिहिलेल्याच्या जवळ थांबला. साहेबांनी चहा मात्र छान केला.

*

सानपाड्यातल्याच एका सोसायटीने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची तपासणी आमच्याकडून करून घेतली. काम माझं होतं. टाकी चांगली होती. पूर्ण भरली तर तिचे खांब तीन मिलिमीटर वाकत होते, म्हणजे न वाकल्यासारखेच. पण तीन मिलिमीटर चित्रात दिसणार कसे? म्हणून सॉफ्टवेअर वाकणं आपणहून शंभर-दोनशे पट मोठं करून दाखवतं. ते किती पट आहे हे चित्राखाली लिहायचं असतं.

मी लिहायला विसरले.

सेक्रेटरींनी ते रंगीत चित्र लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावलं! टाकी डावीकडे कलंडलेली, खांब वाऱ्यातल्या उसासारखे, आणि बुंध्याशी लालभडक. संध्याकाळपर्यंत दोन विंगमधली माणसं बॅगा भरून नातेवाइकांकडे गेली. मी धावत गेले. हातात फूटपट्टी घेऊन कंपाउंडमध्ये उभी राहून ओरडून सांगत होते, "एवढंच वाकतं हो! एवढंच! तीन मिलिमीटर!"

एक काकू पुढे आल्या. "मग लाल कशाला रंगवलंत?"

मी फूटपट्टी पर्समध्ये टाकली.

हळूहळू सगळे परत आले. वरच्या मजल्यावरचे एक आजोबा तेवढे पनवेलला मुलीकडे गेले ते आलेच नाहीत. त्यांनी तिथेच डोळे मिटले, असं नंतर सेक्रेटरींकडून कळलं. टाकी अजून उभी आहे. लोक हा किस्सा ऐकून हसतात, मी पण सांगताना हसते, पण त्या आजोबांशी आले की किस्सा घाईने संपवते.

काकांनी त्या दिवशी फक्त एवढंच म्हटलं, "मॅडम, टाकीला काय झालं नाय. मानसं हलली."

*

ऋतुजा आमच्याकडे लागली तेव्हाची गोष्ट. पहिलं काम दाताचं. जबड्यात बसवायचा धातूचा स्क्रू, त्यावर कृत्रिम दात, आणि माणसाने चावलं की तो किती हलतो ते काढायचं. बाईंनी एककांचा गोंधळ घातला. मापं मिलिमीटरमध्ये, हाडाचा कडकपणा मीटरच्या हिशोबात, आणि शून्यं कुठल्या कुठे. उत्तर आलं: दात साडेतीन किलोमीटर सरकला!

सरांनी स्क्रीनकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "साडेतीन किलोमीटर. म्हणजे सीवूड्सच्या आसपास पडला असेल. जाऊन घेऊन या."

पोरगी खरंच पर्स उचलून उभी राहिली! तिला वाटलं कामावरून काढलं. काकांनी तिला पॅन्ट्रीत नेलं, बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "पोरी, सर चिडले की आकडा बोलत नाय. आकडा बोलले म्हंजे ठेवली तुला."

*

मग हाडांचं मोठं काम आलं. एका हॉस्पिटलचं. ज्या पेशंटच्या मांडीच्या हाडात गाठीमुळे पोकळी पडली आहे, त्याचा स्कॅन आमच्याकडे यायचा. त्यावरून हाडाचं मॉडेल करून आम्ही सांगायचं की हे हाड पेशंटच्या वजनाच्या किती पट भार सोसेल. तिथल्या डॉक्टरांनी आपल्यापुरती चारवर रेघ मारून ठेवली होती. चारच्या वर आकडा आला तर पेशंट घरी, चालणं-फिरणं चालू. चारच्या खाली आला तर हाडात रॉड, आणि पुढे जड काम जन्मभर बंद.

फायलीवर नाव नसायचं. एक नंबर, वय, वजन, बस. आम्हांला ते सोयीचं होतं. नाव नसलं की जेवण जातं.

काकांना मात्र जमायचं नाही. हाडाची फाइल उघडली, काळ्या पडद्यावर ते पांढरं हाड वर आलं, की काका हळूच म्हणायचे, "या. बसा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही खूप हसलो. सर केबिनमधून म्हणाले, "भोईर, पेशंट आलाय का?" काका म्हणाले, "अर्धा आलाय, सर. बाकीचा घरी काळजी करत बसलाय."

त्यानंतर कुणी हसलं नाही. सवय झाली.

त्याच कामातला फोन. डॉक्टर होते, आवाज अगदी शांत.

"साळवे मॅडम, तुम्ही उजव्या पायाचा रिपोर्ट पाठवलाय."

"हो डॉक्टर."

"या पेशंटला उजवा पाय नाहीये."

मी घाईघाईने फाइल उघडली. स्कॅनवरून मॉडेल करताना फाइल आरशात बघितल्यासारखी उलटी झाली होती, डाव्याचा उजवा झाला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. आकडा तोच राहतो, गणित बदलत नाही, असं मी फोनवर तीनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आकडा ठीक आहे हो. पण पेशंटच्या बायकोने रिपोर्ट वाचला."

काकांनी सगळं ऐकलं. "एकच तर राहिलाय बिचाऱ्याचा. तो पन आपुन बदलून टाकला." त्या दिवसापासून डावं-उजवं स्कॅनशी ताडून प्रत्येक हाडाच्या बाहेरच्या अंगाला ते एक बारीक खूण करायला लागले. ती खूण आजही आमच्या प्रत्येक हाडावर असते, आणि नवीन पोरं विचारतात तेव्हा मी हा किस्सा सांगते.

*

आता हसायचं जरा बाजूला ठेवते.

गेल्या वर्षी काका लंगडायला लागले. विचारलं की म्हणायचे, चिखलात पाय मुरगळला. दोन महिने मुरगळलेलाच. शेवटी काकूंनी धरून हॉस्पिटलात नेलं. मांडीच्या हाडात गाठ निघाली. गाठ कसली, यावर मी इथे बोलणार नाही, काकांना आवडायचं नाही.

काठी टेकत ऑफिसात आले आणि डबा उघडता उघडता त्यांनी आम्हांला जे सांगितलं, तो किस्सा त्यांच्याच शब्दांत:

"डॉक्टर बोलले, गाठीवर औषध चालू करू, पन हाड किती तग धरतंय ते बघायला लागंल. मी बोललो, बघा. बोलले, आमी नाय बघत, एक कंपनी हाय, ती आकडा काढून देते. आकडा चांगला आला तर रॉड नको, सगळं पयल्यासारखं. खाली आला तर रॉड, आनी खाडी कायमची बंद, होडीला हात लावायचा नाय. मी बोललो, कंपनी कुटली? तर बोलले, हाय एक बेलापूरला."

आम्ही सगळे घास हातात धरून बसलो होतो.

"मग तुम्ही काय म्हणालात?" ऋतुजाने विचारलं.

"काय नाय. म्हटलं, चांगली हाय का? तर बोलले, चांगली हाय, फक्त एकदा पाय बदलला होता!"

आणि स्वतःच एवढे हसले की ठसका लागला. मी माझा डबा बंद केला.

*

दुसऱ्या सोमवारी काका एक ताणकाटा घेऊन आले. मासळी तोलायचा, हुकाचा. कागदाच्या कपट्यावर काही आकडे लिहिलेले होते. तो कपटा त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला.

"काय हे?"

"होडी चिखलातून ढकलायला लागतो तो जोर, सर. पुतन्याला लावला ढकलायला. म्हंजे त्यानं ओढली, मी काटा वाचला. एक पाय कुटं रुततो, अंग किती वाकतं, ते पन लिवलंय."

आमच्या रिपोर्टात भाराचे तीन प्रकार असतात: चालताना, जिना चढताना आणि ठेच लागून तोल गेला तर. बस. काकांना चौथा हवा होता.

सर म्हणाले, "भोईर, कुठल्या पेशंटला होडी ढकलायची असते?"

"एकाला असते, सर."

सरांनी कपटा परत दिला. असं काही रिपोर्टात बसत नाही, म्हणाले. काका जागेवर आले. पण लंच टाइममध्ये मी पाणी भरायला उठले तर सर स्वतः माझ्या मशीनवर बसले होते, चष्मा कपाळावर, आणि एका धडधाकट नमुना हाडावर काकांची होडी लावत होते! रन दिला, उत्तर आलं, आणि सरांनी केबिनमध्ये परत जाता जाता, काकांकडे न बघता, एवढंच म्हटलं, "पाच. होडीला पाच पट लागतं."

काकांनी पाचाचा आकडा ताणकाट्याच्या डब्यावर लिहून ठेवला.

*

यानंतर सरांनी एक गोष्ट केली, जी त्यांना वाटलं कुणाला कळणार नाही. हाडांचं सगळं मेश ऋतुजाकडे दिलं. काकांकडे पंपाचे पाइप, क्रेनचे हूक, असलं.

काका दोन दिवस पाइप करत राहिले. तिसऱ्या दिवशी केबिनच्या दारात. "सर, माझ्या हातचं जाळं सैल पडायला लागलं काय?"

"नाही, नाही. डोळ्यांना जरा आराम."

"डोळे नाय दुखत, सर. पाय दुखतो."

सर फायलीत बघत राहिले. सातारचा माणूस, तोंडावर खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे खोटं धड जमलं नाही. "हॉस्पिटलचा नियम आहे," म्हणाले. असा कुठलाही नियम नव्हता, आणि काकांना ते माहीत होतं.

पुढचे तीन आठवडे कुठलंही हाड आलं की आम्ही आधी वय बघायचो, काकांचं अठ्ठावन्न आहे का ते. एक्काहत्तर, मग श्वास सोडायचो. चौतीस, मग श्वास सोडायचो. चौतीस वर्षांच्या कुणाच्या तरी हाडात पोकळी आहे हे वाचून आम्हांला हायसं वाटत होतं! माणूस किती स्वार्थी होतो हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं, आणि मला स्वतःचा राग आला.

*

शेवटचा किस्सा.

बुधवार होता, जेवणं नुकतीच झाली होती. ऋतुजाने नवीन फाइल उघडली आणि माझ्याकडे बघितलं. वय अठ्ठावन्न. वजन बासष्ट. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. मांडीचं हाड मधोमध किंचित वाकडं होतं, जुनं कधीतरी मोडून जुळल्यासारखं. एकोणिसाव्या वर्षी होडी मांडीवर कलंडली तो किस्सा काकांनी आम्हांला पन्नासदा तरी सांगितला असेल. आणि वर, खुब्याच्या जरा खाली, पोकळी. लहान नव्हती.

ऋतुजाने मेश घेतलं. पोकळीच्या कडेला तिचे तुकडे वेडेवाकडे होत होते. मशीन एररचा आवाज करून थांबलं. तिने परत केलं. परत आवाज. तिसऱ्यांदा परत.

तिसऱ्या आवाजाला पलीकडून काठी वाजली. काका येऊन उभे राहिले. स्क्रीनकडे बघितलं. मग ऋतुजाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सरक, पोरी."

सर केबिनच्या दारात आले होते. मला वाटलं थांबवतील. थांबवलं नाही.

काका खुर्चीत बसले, काठी टेबलाला टेकवली, हाड एकदा गोल फिरवून बघितलं. आम्ही सगळे वाट बघत होतो. ऋतुजाला राहवलं नाही. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काका, या बसा म्हणा ना."

"आपल्याच घरात कोन कोनाला बसा म्हनतं?"

आणि कामाला लागले. तासाभराचं काम, त्यांनी दोन तास घेतले. पोकळीच्या कडेने तुकडे असे उतरवत नेले की मी सतरा वर्षांत तसं मेश बघितलं नाही. बाहेरच्या अंगाला बारीक खूण केली. "झालं," म्हणाले. "द्या रन."

रन देता येत नव्हता. फळा कोरा होता.

नियम सरांचा होता. मार्कर फळ्याखालीच होता. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. आमच्या खिडकीतून दोन बिल्डिंगांच्या मधून खाडीची पट्टी आणि दिवाळे गावच्या होड्या दिसतात, ओहोटी होती. कुणीच हललं नाही. त्या खोलीतल्या कुणालाही ते हाड बघून चारच्या वर आकडा लिहिता आला नसता, आणि चारच्या खाली लिहायला कुणाचा हात उठला नसता.

काका उठले. काठी टेकत फळ्याशी गेले, मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ६.५.

बावीस वर्षांत अर्ध्या आकड्याच्या वर न चुकलेला माणूस!

सरांनी स्वतः रन दिला. चाळीस मिनिटं. त्या वेळात आम्ही आठ जणांनी मिळून किती खोटं काम केलं असेल ते विचारू नका. मी एक रिकामी एक्सेल शीट सेव्ह केली. दोनदा.

उत्तर आलं. तीन पॉइंट एक.

ऋतुजा घाईघाईने म्हणाली, "काका, मेश परत एकदा बघू या का? कुठेतरी..."

"जाळं माझं हाय. त्यात चूक नाय."

नुसतं चालताना हाडावर जवळजवळ तीन पट भार येतो, हे वाक्य आम्ही प्रत्येक रिपोर्टात लिहितो. प्रत्येकाच्या डोक्यात तेच वाक्य होतं. काका मात्र फळ्याकडे बघत होते.

"कोन चुकला सगळ्यांत जास्त? मीच ना?"

"काका, राहू द्या हो," मी म्हटलं. "आज कुणी लिहिलंच नाही."

"मी लिवलंय की. नियम सरांचा हाय." आणि पॅन्ट्रीकडे निघाले.

आम्ही आतून ऐकत होतो. पातेलं ठेवल्याचा आवाज, साखरेच्या डब्याचं झाकण, काठी ओट्याला टेकल्याची टकटक. मग पहिले सर उठले. ते पॅन्ट्रीच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे ऋतुजा, मग बाकीचे सगळे. काकांना एक पाऊलही जास्त टाकावं लागू नये म्हणून आम्ही सात जण तिथे रांगेत उभे होतो, आणि काका एकेक कप भरून हातात देत होते. कुणाच्या हाताला हात लागला की म्हणायचे, "गरम हाय, सांभाळून."

सरांनी दारातच एक घोट घेतला.

"भोईर, साखर कमी आहे."

"पयल्यांदाच केलाय, सर."

मग काका फळा पुसायला निघाले. सर मध्ये आले. "तुम्ही बसा. तो मी पुसतो." त्यांनी कप टेबलावर ठेवला, डस्टर घेतला आणि फळ्यासमोर गेले. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून तसेच उभे होते.

आता आम्ही आमचे अंदाज फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागात लिहितो. उजवीकडे साडेसहा आहे.